रात्रीची लाइन, लाल्या आणि संगणकी चष्मा

रब्बीत वाशिम जिल्ह्यातल्या ओलिताच्या शेतकऱ्याची झोप शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकावर ठरते. वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची लाइन असली की हरभऱ्यातला तुषार संच हलवायला वावरात जावंच लागतं. एका जागेचं ओलीत झालं की मोटार थांबवायची, पाइप सोडवायचे, ते चिखलातून पुढे न्यायचे, पुन्हा जोडायचे आणि पुन्हा मोटार. पाइप उचलायला दोन्ही हात लागतात, म्हणून बॅटरी कपाळाला बांधलेली असते. तिचा उजेड पडतो तेवढंच दिसतं. धुऱ्यावर घोणस पडली आहे का, शेजारच्या तुरीत डुकरं शिरली आहेत का, याचा अंदाज कानांनीच घ्यायचा.

अशा माणसाला अंधारात बघता येईल असा चष्मा देता येईल का? आणि ज्याला दिवसाउजेडी लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याला तो दाखवणारा? ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचे, म्हणजे समोरच्या दृश्यावर संगणकाने तयार केलेलं चित्र किंवा माहिती चढवणारे चष्मे गेली दहा-बारा वर्षं या दोन्ही कामांसाठी तपासले जात आहेत. जाहिरातीत दोन्ही वचनं एका दमात दिली जातात. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गरजा आहेत. माझं मत आधीच सांगतो. रात्रीच्या बाबतीत या चष्म्यात दम आहे, रंगांच्या बाबतीत बराचसा डामडौल.

आधी डोळ्याला त्याचं श्रेय देऊ. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्या वावरात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेला तो पाव लक्सवर येतो, आणि अमावास्येच्या निरभ्र रात्री लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास. दुपार आणि अमावास्या यांत कोट्यवधी पटींचा फरक, आणि एकच डोळा दोन्हीकडे चालतो. बाहुलीचा व्यास दोन मिलिमीटरपासून आठपर्यंत वाढला तरी त्यातून आत येणारा उजेड सोळापटच वाढतो. उरलेला सगळा पल्ला दृष्टिपटल गाठतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन प्रकारच्या पेशी आहेत. सुमारे साठ लाख शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. सुमारे बारा कोटी दंडपेशी अत्यंत मंद प्रकाशातही काम करतात, पण त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन हे एकच रंगद्रव्य असल्याने रंग वेगळे करणं त्यांना जमत नाही. म्हणून चांदण्यातली तूर हिरवी दिसत नाही, करडी दिसते.

याचे दोन परिणाम वावरात रोज भोगावे लागतात. दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूने आपण नेमकं बघतो तिथे दंडपेशी नसतातच. अंधारात एखाद्या वस्तूकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते, आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा दिसते. दुसरा परिणाम वेळेचा. उजेडातून अंधारात आल्यावर दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला तीस ते चाळीस मिनिटं लागतात, आणि ही कमाई बॅटरीचा पांढरा झोत दोन-चार सेकंदांत घालवतो. गडद लाल उजेड मात्र दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून जहाजांवर आणि वेधशाळांत लाल दिवे वापरतात, आणि कपाळावरच्या चांगल्या बॅटऱ्यांना लाल उजेडाचं बटण असतं. फार थोडे लोक ते वापरतात.

यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ साली एक गंमत नोंदवली होती. दिवसा भडक दिसणारी लाल फुलं पहाटेच्या अंधूक उजेडात काळपट दिसत आणि त्यांचीच हिरवी पानं जास्त उजळ. उजेड कमी होत गेला की डोळ्याची सर्वाधिक संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याकडून ५०० नॅनोमीटरच्या निळसर हिरव्याकडे सरकते. दंडपेशी कामावर आल्याची ती खूण.

प्राण्यांचा हिशेब आणखी वेगळा. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य याच जिल्ह्यात आहे, आणि अभयारण्याबाहेरच्या वावरांत रोही आणि रानडुकरं रात्रीची जागल करायला लावतात. बॅटरी फिरवली की रोह्याचे डोळे दिव्यासारखे चमकतात, कारण त्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परत फिरवणारा एक चकचकीत थर असतो. एकदा निसटलेला प्रकाश पेशींना दुसऱ्यांदा मिळतो, आणि उरलेला बाहेर येऊन आपल्याला दिसतो. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. त्यामुळे दहा डोळे चमकले म्हणून पाच रोही मोजता येतात, पण डोळे चमकले नाहीत म्हणून डुकरं नाहीत असं धरून चालत नाही. वावराभोवती जुन्या साड्या बांधायची पद्धत आपल्याकडे आहेच. तिच्यातला लाल रंग मात्र आपल्यापुरताच लाल. खुरवाल्या प्राण्यांना रंगांचे दोनच प्रकारचे शंकू असतात, लाल आणि हिरवा त्यांना निराळे दिसत नाहीत. साडीने रोही बिचकलाच तर तो वाऱ्यावरच्या हालचालीने आणि माणसाच्या वासाने बिचकतो. काही दिवसांनी त्याला त्याचीही सवय होते, हे साड्या बांधणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

आता यंत्रांकडे. अंधारात बघण्याचे खरे मार्ग तीन आहेत, आणि चष्मा कोणताही असो, त्याच्या पोटात यांतलाच एखादा असतो.

पहिला, असलेला उजेड वाढवणं. सैन्याच्या दुर्बिणींत हे होतं. चांदण्यांच्या उजेडाचे मोजके प्रकाशकण एका पडद्यावर पडतात, तिथून इलेक्ट्रॉन सुटतात, ते लाखो सूक्ष्म नळ्यांच्या चकतीतून जाताना हजारोंनी वाढतात आणि पलीकडच्या फॉस्फरवर आपटून चित्र उमटवतात. ते चित्र हिरवं असायचं कारण हिरव्या रंगाच्या छटा डोळा सर्वांत बारकाईने वेगळ्या करतो. हल्ली पांढऱ्या फॉस्फरची चलती आहे. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा मछलीपट्टणमचा कारखाना अशी उपकरणं बनवतो. चांगल्या नळीची किंमत लाखांत जाते आणि ती शेतकऱ्यासाठी बनवलेलीही नाही.

दुसरा मार्ग उष्णतेचा. प्रत्येक वस्तू तापमानाप्रमाणे अवरक्त किरण फेकत असते, आणि आठ ते चौदा मायक्रॉनच्या पट्ट्यात ते टिपणारा थर्मल कॅमेरा पूर्ण अंधारात चालतो. जानेवारीतल्या रात्री गार पडलेल्या हरभऱ्यात सदतीस-अडतीस अंशांचा रोही किंवा डुक्कर या कॅमेऱ्यात पांढरं फक दिसतं. काही शेकडा मीटरवरून दिसतं, डोळे चमकोत वा न चमकोत. जागलीसाठी याहून चांगलं काही नाही.

पण हाच कॅमेरा घोणशीच्या बाबतीत दगा देतो, आणि थर्मल चष्मा विकत घेण्याआधी प्रत्येकाने ही गोष्ट समजून घ्यावी. साप स्वतःची उष्णता तयार करून अंग गरम ठेवत नाही. धुऱ्यावर तासभर पडून राहिलेल्या सापाचं तापमान मातीइतकंच झालेलं असतं, आणि तापमान सारखं म्हणजे थर्मल चित्रात रंगही सारखा. शंभर मीटरवरचं डुक्कर स्पष्ट दिसतं आणि पायाखालची घोणस दिसतच नाही. तिच्यासाठी साधा दृश्य प्रकाशच बरा, तोही नीट वापरला तर. कपाळावरची बॅटरी डोळ्यांच्या अगदी शेजारून उजेड टाकते, त्यामुळे वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. तीच बॅटरी कमरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर तिरपी धरली की ढेकूळ, काडी आणि साप यांच्या लांब सावल्या पडतात आणि आकार उठून दिसतो. विंचवाची तर आणखीच सोय आहे. अतिनील बॅटरीखाली त्याचं कवच हिरवट निळं चकाकतं. काहीशे रुपयांत मिळणारी ही बॅटरी कोणत्याही संगणकी चष्म्याआधी घरात असावी.

तिसरा मार्ग कॅमेरा आणि गणिताचा. संगणकी चष्म्यांची भिस्त यावरच आहे. मोबाइलमध्ये रात्रीचे फोटो आता आश्चर्य वाटावं इतके उजळ येतात. गूगलने २०१८च्या अखेरीस पिक्सेल फोनवर आणलेल्या सोयीनंतर तर सगळ्याच कंपन्यांनी ती उचलली. युक्ती अशी की फोन एक फोटो न काढता भराभर अनेक काढतो आणि ते एकावर एक रचतो. मंद उजेडात प्रकाशकणच कमी येतात आणि तेही अनियमित, म्हणून एकट्या फोटोत रवाळपणा असतो. रचले की तो सरासरीत विरतो. पण त्यासाठी सेकंद-दोन सेकंद हात स्थिर लागतो. चिखलातून पाइप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या चष्म्याला इतका वेळ मिळत नाही. मान वळली आणि चित्र मागे राहिलं की पोटात ढवळायला लागतं. हे टाळायला कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतचा सगळा प्रवास सेकंदाच्या पन्नासाव्या भागात व्हावा, असं या क्षेत्रात मानतात. तेवढ्या वेळात गोळा झालेल्या प्रकाशातून चित्र काढायचं म्हणजे एक तर मोठी भिंगं आणि अतिसंवेदनशील सेन्सर हवा, नाही तर रवाळ चित्र चालवून घ्यायचं. चष्मा हलका हवा, स्वस्त हवा आणि अमावास्येलाही चालायला हवा, या तिन्ही मागण्या आज एकत्र पुऱ्या होत नाहीत.

तरीही काही माणसांसाठी हे सगळं सोसण्यासारखं आहे. ज्यांच्या दंडपेशीच मरत जातात त्यांच्यासाठी. रेटिनायटिस पिगमेंटोझा हा आनुवंशिक आजार जगात साधारण चार हजारांमागे एकाला होतो. सुरुवात बहुधा रातांधळेपणाने होते, तरुणपणी संध्याकाळनंतर ठेचा लागायला लागतात. मग नजरेचा घेर कडेकडून आकसत जातो आणि शेवटी नळीतून पाहावं तसं मधलं वर्तुळ उरतं. अशा माणसाच्या शंकूपेशी बराच काळ टिकून असतात. याचा अर्थ त्याला अंधारातलं दृश्य भरपूर उजळ करून दिलं, तर तो ते दिवसाच्या पेशींनी बघू शकतो.

जपानच्या होया कंपनीने क्यूशू विद्यापीठाच्या नेत्रतज्ज्ञांच्या मदतीने नेमकं हेच केलं. त्यांचा एमडब्ल्यू-१० हा चष्मा २०१८मध्ये बाजारात आला. कपाळाशी अतिसंवेदनशील कॅमेरा, डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे, आणि वायरने जोडलेला खिशातला डबा. अंधाऱ्या रस्त्याचं रंगीत, उजळ चित्र डोळ्यांपुढे येतं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली आणि २०१९मध्ये निष्कर्ष छापले. त्यांच्या चष्म्यातला सेन्सर अंतर मोजतो आणि समोरच्या वस्तूंवर अंतराप्रमाणे वेगवेगळ्या भडक रंगांच्या रेषा चढवतो. जवळचा अडथळा एका रंगाचा, त्यामागचा दुसऱ्या. थोड्याच रुग्णांवरची चाचणी होती, पण त्यांचं अडथळे टाळून चालणं पन्नास टक्क्यांनी आणि वस्तू नेमकी पकडणं सत्तर टक्क्यांनी सुधारलं. चित्र सुंदर दिसावं हा हट्ट त्यांनी सोडला, आणि मला वाटतं यश त्यातच आहे. अंधारात चालणाऱ्याला भिंत कशी दिसते ते नको असतं, ती कुठे आहे ते हवं असतं.

चष्म्याचा विचार करण्याआधी रातांधळेपणाचं कारण तपासून घ्यायला मात्र हवं. लहान मुलांत आणि गरोदर बायांत तो जीवनसत्त्व अ कमी पडल्यानेही होतो, कारण ऱ्होडॉप्सिन बनतं तेच या जीवनसत्त्वापासून. जॉर्ज वाल्ड यांना १९६७चं नोबेल दृष्टीच्या याच रसायनशास्त्राबद्दल विभागून मिळालं. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बकऱ्याच्या यकृताचा उपाय सांगितला आहे. यकृतातच हे जीवनसत्त्व साठतं, त्यामुळे उपाय बरोबर होता. आपल्या देशात बालकांना त्याचे डोस देण्याचा कार्यक्रम १९७०पासून चालू आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला पहिला डोस मिळतो, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने एकूण नऊ. जो अंधार गावातल्या आरोग्य उपकेंद्रात मिळणाऱ्या औषधाने जातो, त्यावर इलेक्ट्रॉनिक चष्मा शोधणं वेडेपणाचं.

रस्त्याकडेला मिळणाऱ्या पिवळ्या काचांच्या ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्म्यांबद्दलही दोन शब्द. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो, आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपण्याची तक्रार त्यावरून रात्री गाडी चालवणारे सगळेच करतात. २०१९मध्ये अमेरिकेत अशा चष्म्यांची नकली रस्त्यावर चाचणी झाली. चालकांना पादचारी लवकर दिसण्यात त्यांनी काही मदत केली नाही. पिवळी काच उजेड कमी करते. रात्री आधीच कमी असलेली गोष्ट आणखी कमी करायला पैसे मोजायचे कशाला?

रंगांचं प्रकरण निराळं आहे, कारण तिथे उजेड कमी नसतो.

शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार ४२० नॅनोमीटरच्या, दुसरा ५३०च्या आणि तिसरा ५६०च्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. शेवटचे दोन मुळातच एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. त्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि पिढी बदलताना त्यांची सरमिसळ होते. कधी एक प्रकार गायब होतो, कधी दोघांतलं अंतर आणखी कमी होतं. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असल्याने त्याला त्याची भरपाई मिळत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात आठांना लाल-हिरव्याचा काही ना काही दोष असतो, बायांमध्ये दोनशेत एखादीला. भारतातल्या पाहण्यांत हे प्रमाण त्याहून कमी सापडतं, तरी गावोगाव अशी माणसं आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना स्वतःलाच ते माहीत नसतं. जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने १७९४मध्ये स्वतःच्याच डोळ्यांबद्दल निबंध वाचला आणि डोळे मरणोत्तर तपासायला ठेवले. १९९५मध्ये त्यांतल्या डीएनएवरून निदान झालं की त्याच्याकडे ५३०वाला शंकू नव्हताच.

मंगरूळपीर-कारंजाकडच्या कपाशीवर लाल्या येतो. रात्रीचं तापमान उतरलं, मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं, पाणी साचलं किंवा तुडतुड्यांनी रस शोषला, की हिरवी पानं कडेने लालसर होत जातात. अनुभवी माणूस धुऱ्यावरून चालताचालता हे हेरतो आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारणीचा विचार सुरू करतो. लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला याच पानात फक्त जरा मळकट छटा दिसते. बोंडं उमलायला लागल्यावर पान गळालं म्हणजे त्याला कळतं, तोवर उशीर झालेला असतो. त्याहून गंभीर गोष्ट कीटकनाशकाच्या डब्यावरची. डब्यावरच्या चौकटीच्या खालच्या त्रिकोणात विषारीपणा रंगाने सांगितलेला असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. म्हणजे जीवघेणं आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी, या दोन टोकांना नेमके तेच रंग दिले आहेत जे दोष असलेल्याला गोंधळात टाकतात. लालवर कवटी आणि विषाचा इशाराही छापलेला असतो म्हणून निभावतं. २०१७मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली तेव्हा कारणं बरीच होती आणि रंगदोष त्यांतलं कारण होतं असं कोणी म्हटलेलं नाही. पण डब्यावरची खूण सगळ्यांना वाचता यायलाच हवी.

यावर बाजारात मिळणारा पहिला तोडगा संगणकाविनाचा आहे. डॉन मॅकफर्सन या काचतज्ज्ञाने शल्यविशारदांसाठी लेसरपासून डोळे वाचवणाऱ्या काचा बनवल्या होत्या. मैदानावर त्याचा चष्मा एका मित्राने घातला आणि त्याला हिरवळीवरचे नारिंगी शंकू उठून दिसले. त्यातून एनक्रोमा ही कंपनी निघाली. या काचा लाल आणि हिरव्याच्या मधला, दोन्ही शंकूंना सारखाच चेतवणारा पट्टा गाळून टाकतात. त्यामुळे दोन रंगांत फरक वाढतो. चष्मा घालून रडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ जगभर फिरले. ग्रानादा विद्यापीठाने २०१८मध्ये शांतपणे तपासलं तेव्हा असं दिसलं की या काचा काही रंग वेगळे भासवतात, पण रंगदृष्टी सामान्य करत नाहीत, आणि काही रंग उलट एकसारखे करून टाकतात. ज्याच्याकडे एक शंकूच नाही त्याला काच तिसरी मिती कुठून देणार? गाळणी फक्त कमी करू शकते.

संगणकी चष्मा गाळत नाही, बदलतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवे आणि निळे गाळणीचे ठिपके असतात. हिरवे दुप्पट असलेली ही रचना कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६मध्ये पेटंट केली. म्हणजे घालणाऱ्याच्या डोळ्याला न कळणारा फरक कॅमेऱ्याला स्पष्ट कळतो. मग संगणक तो फरक डोळ्याला कळेल अशा भाषेत सांगतो. लाल भाग निळसर करतो, किंवा त्याभोवती रेघ ओढतो, त्यावर पट्टे चढवतो, नाही तर सरळ ‘लाल’ असं लिहितो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत २०१४मध्ये गूगल ग्लासवर असा एक प्रयोग झाला, त्याचं नाव क्रोमा. तो चालला, पण एक अडचण आजही तशीच आहे. पारदर्शक काचेवर चित्र चढवणारा चष्मा दृश्यात उजेड फक्त वाढवू शकतो, काढून घेऊ शकत नाही. लाल पानावरून येणारा लाल प्रकाश तो थांबवू शकत नाही, त्यावर निळं मिसळू शकतो. आणि एप्रिलच्या वऱ्हाडी उन्हात, पांढरा कागद बघवत नाही अशा उजेडात, त्या मिसळलेल्या निळ्याचा मागमूसही लागत नाही. डोळे पूर्ण झाकून आतल्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारी शिरस्त्राणं ही अडचण टाळतात, पण अर्ध्या किलोहून जड ते डबडं चाळीस अंशांत डोक्यावर चढवून कपाशी कोण बघणार?

हेच काम खिशातला मोबाइल करतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोघांत रंगदुरुस्तीची सोय आधीपासून आहे, कॅमेऱ्यातून रंगाचं नाव सांगणारी अ‍ॅपही फुकट मिळतात. पानासमोर फोन धरायला दोन सेकंद लागतात. लाल्या दोन सेकंदांसाठी थांबतो.

आणि कित्येकदा तेवढीही गरज नसते. पाकिटावरच्या शाकाहारी-मांसाहारी खुणेचंच बघा. पूर्वी दोन्हींत गोल ठिपकाच असायचा, एक हिरवा, एक तपकिरी. हे दोन रंग दोषवाल्याला सारखेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नव्या लेबल नियमांत मांसाहाराला तपकिरी त्रिकोण दिला आणि प्रश्न मिटला. गाडी चालवण्याच्या बाबतीतही २०२०मध्ये केंद्राने नियमावलीत दुरुस्ती करून सौम्य आणि मध्यम रंगदोष असलेल्यांना परवान्याचा मार्ग मोकळा केला. सिग्नलला लाल वर असतो, हे माणूस जागेवरून ओळखतोच.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पाटण्याचा एक तरुण संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडला गेला, वैद्यकीय तपासणीत रंगदोष निघाला आणि प्रवेश नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायालयाने समिती नेमली, तिने रंगदोषावरून कोणत्याही अभ्यासक्रमाला बंदी असू नये असं सांगितलं, आणि १२ एप्रिल २०२२च्या निकालात न्यायालयाने ते उचलून धरलं. या सगळ्यात कोणी त्या मुलाला ‘आधी चष्मा लाव’ म्हटलं नाही. चित्रपट एकट्याने बनत नाही आणि रंगांच्या कामाला मदतनीस घेता येतो, या सरळ गोष्टीवर निकाल लागला. इशिहारांच्या ठिपक्यांच्या पाट्या १९१७पासून लोकांना बाजूला काढायला वापरल्या गेल्या. आगगाडीच्या चालकाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. संकलकाच्या बाबतीत नव्हतं.

वाशिमच्या रात्रीकडे परत येतो. चीनमधल्या संशोधकांनी २०१९मध्ये उंदरांच्या दृष्टिपटलात नॅनोकण सोडून त्यांना अवरक्त प्रकाश दाखवला, आणि २०२५मध्ये माणसांसाठी तशी कॉन्टॅक्ट लेन्स केली. बातम्यांनी तिला ‘अंधारात बघणारी लेन्स’ करून टाकलं. तिला प्रखर अवरक्त दिवा लागतो आणि तिच्यातून बारकावे दिसत नाहीत. शेतकऱ्याच्या कामाचं त्यात अजून काही नाही. त्याच्या कामाचं जे आहे ते डोळ्यावर बसवायचं नाहीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये सुरू झाली, २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, एवढाच तिचा हेतू. ज्या वाहिनीवर ती पोचते तिथे तुषार संच दुपारी हलतो आणि ओलितापुरता अंधाराचा प्रश्नच उरत नाही.

जागल मात्र उरते, कारण रोही आणि डुकरं विजेचं वेळापत्रक बघून येत नाहीत. तिथेही दर माणशी चष्म्यापेक्षा चार-सहा वावरांच्या सामाईक धुऱ्यावर खांबाला लावलेला एक थर्मल कॅमेरा आणि मोबाइलवर येणारा इशारा परवडेल. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता जोडून वाघ-बिबट्या जवळ आला की गावाला सावध करणारी यंत्रणा बसवली आहे. वाशिमसाठी तिला वेगळे प्राणी शिकवावे लागतील, एवढंच. डुकराचे डोळे बॅटरीत चमकत नसले तरी त्याचं अंग गरमच असतं.